चहा की कॉफी: एकाच ओट्यावर दोन्ही नीट जमवताना

एका सूनबाईंनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात दांडिया बाजाराजवळ राहणारं पाच जणांचं मराठी घर. सासू-सासरे पक्के चहावाले, आलं-फुदिन्याचा चहा दिवसातून चार-पाच वेळा. सूनबाई माहेरापासून कॉफीवाल्या, पण त्यांच्या हातची कॉफी घरात सगळ्यांना कडू लागते आणि नवरा म्हणतो, मला कॉफी आवडतच नाही. चहात आलं घातलं की मधूनमधून दूध फाटतं. अकरावीतली मुलगी रात्री जागायला कॉफी मागते. सकाळी गॅसवर एकच शेगडी मोकळी असते. आणि हे सगळं सांगून झाल्यावर विचारलंय की या दोन्हींत चांगलं कोणतं.

चांगलं कोणतं ते ज्याच्या-त्याच्या जिभेवर, पोटावर आणि झोपेवर आहे, त्याकडे पुढे येऊच. पण आवड ठरवण्याआधी दोन्ही पेयं आपापल्या रीतीने झालेली असायला हवीत. आपल्या घरांत कॉफी आवडत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांनी चहासारखी उकळलेली कॉफीच प्यायलेली असते. दुधाच्या चहाला उकळी लागते, कॉफीला उकळी मारते. तुम्ही लिहिलंय की पातेल्यात दूध-पाणी ठेवून त्यात कॉफीची पूड टाकता आणि दोन-तीन उकळ्या येऊ देता. कडूपणा तिथूनच येतो. त्यात तुमच्या हाताचा दोष नाही, ती कृती चहाची आहे.

आधी चहा, कारण तुमच्या घरात तोच जास्त होतो.

आपण दुधात उकळतो ती पत्ती सीटीसी. पान चिरडून, फाडून, वळवून तिचे गोल दाणे करतात. हे यंत्र १९३० मध्ये आसामात निघालं आणि आपला आजचा कडक चहा त्याच्यामुळेच शक्य झाला. पान चिरडलेलं असल्याने रंग आणि तुरटपणा पटकन उतरतो, आणि त्या तुरटपणाला बांधून ठेवायला दूध लागतं. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या टॅनिनला धरून ठेवतं, म्हणून नीट उकळलेला दुधाचा चहा कडक असूनही जिभेला ओढत नाही. दूध वरून ओतून लगेच गाळलेला चहा रंगाने तसाच दिसतो, पण घशाशी तुरट लागतो. दोन मिनिटांचा फरक आहे, पण तो जाणवतो.

चार कपांसाठी, कप १२० मिलीचा धरून, ३०० मिली पाणी आणि २५० मिली दूध घ्या. यातलं साठ-सत्तर मिली वाफेवर जातं आणि पत्तीत राहतं. पत्ती १० ग्रॅम, म्हणजे सपाट चार चमचे. नुसती भूकी, म्हणजे चुऱ्यासारखी बारीक पत्ती, घेऊ नका. भूकी रंग आणि जोर लगेच देते, पण वास कमी आणि गाळणीतून गाळ उतरतो. नुसता मोठा दाणा घेतला तर वास छान, पण सासऱ्यांना हवा तो कडकपणा येणार नाही. तीन भाग दाणा आणि एक भाग भूकी असं घरीच मिसळून डब्यात भरा. सुट्या पत्तीच्या दुकानात सांगितलं तर तेही मिसळून देतात. डबा मसाल्यांच्या फळीवर ठेवू नका. पत्ती आजूबाजूचा वास ओढून घेते, आणि हिंगाच्या शेजारी महिनाभर राहिलेल्या पत्तीचा चहा काहीही केलं तरी सुधारत नाही.

क्रम असा. थंड पाण्यात ठेचलेलं आलं, साधारण इंचभर, आणि गवती चहाची तीन-चार पाती कात्रीने कापून घाला. पाणी खळखळू लागल्यावर तीन मिनिटं तसंच उकळू द्या. मग पत्ती आणि साखर, दोन मिनिटं मध्यम आच. मग दूध, शक्यतो आधी तापवलेलं. दूध घातल्यावर दोन-तीन मिनिटं, दोनदा वर येऊन खाली बसेपर्यंत. गॅस बंद करा, मग फुदिन्याची आठ-दहा पानं हाताने चुरगळून टाका, झाकण ठेवा, मिनिटभराने गाळा. फुदिना सुरुवातीपासून उकळला की त्याचा गारवा वाफेबरोबर निघून जातो आणि मागे पालेभाजीसारखा वास राहतो. तुमच्या घरात फुदिना आल्याबरोबर पडतोय असं लिहिण्यावरून वाटलं, तो शेवटी घालून बघा. खंडेराव मार्केटमधून आणलेली गवती चहाची जुडी आठवडाभर टिकवायची असेल तर बुंधे पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवा, फ्रिजमध्ये प्लॅस्टिकमध्ये कोंडून नको.

दूध फाटण्याचं कारण या क्रमातच आहे. ताज्या आल्यात दुधाचं प्रथिन तोडणारं एक विकर असतं, जिंजिबेन. आल्याचा रस कोमट-गरम दुधात घालून दही लावल्यासारखं गोठवण्याचा पदार्थ चीनमध्ये त्याच्याच जोरावर करतात. उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं राहिलं की ते निकामी होतं. म्हणून आलं दुधात किसून टाकायचं नाही, दूध घालण्याआधी पाण्यात पुरतं उकळलेलं हवं. घाईच्या सकाळी हीच तीन मिनिटं वाचवली जातात आणि नेमका त्याच दिवशी चहा फाटतो.

दुसरं कारण उन्हाळ्यातलं. मे महिन्यात बडोद्याच्या उकाड्यात दूध बराच वेळ बाहेर राहिलं की ते आंबटपणाच्या काठावर येतं. थंड असताना वास येत नाही, चवही बदललेली नसते, पण उकळी आली की फाटतं. शंका असेल तर पळीभर दूध वेगळं तापवून बघा, अख्ख्या पातेल्याचं नुकसान टळेल. तिसरं, गूळ. गुळातल्या आम्लाने आणि क्षारांनी उकळतं दूध फाटतं, आणि गूळ जितका जुना तितका धोका जास्त. गुळाचा चहा करायचा तर गूळ चमचाभर गरम पाण्यात विरघळवून, चहा गाळून झाल्यावर, उकळी पूर्ण बसल्यावर मिसळा. गॅसवर असताना नाही.

दुधाची निवड हा वेगळा मुद्दा आहे. अमूल ताजामध्ये ३ टक्के स्निग्धांश असतो, शक्तीमध्ये ४.५ आणि गोल्डमध्ये ६. चहाला ताजा किंवा शक्ती, कॉफीला गोल्ड, असं मी सांगेन. दाट दुधात चहाचा वास दबतो आणि तोच चहा पांचट लागतो, मग लोक पत्ती वाढवतात आणि चहा दाट, कडू आणि जड असा तिन्ही होतो. कॉफीला मात्र साय आणि दाटपणा मानवतो. गवळ्याचं म्हशीचं दूध येत असेल तर चहात पाण्याचा भाग वाढवा, ३५० मिली पाणी आणि २०० मिली दूध.

पाण्याबद्दल कोणी विचारत नाही, पण दोन्ही पेयांत बराच बिघाड पाण्याचाही असतो. बोअरचं कडक पाणी वापरलं की चहावर तेलकट दिसणारा तवंग येतो आणि रंग मळकट होतो. तो तवंग तेलाचा नसून पाण्यातला चुना आणि चहातले घटक हवेशी मिळून बनलेला पापुद्रा असतो. उलट टोकाला, आरओचं पाणी अगदीच निःसत्त्व केलेलं असेल, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पन्नासच्या खाली, तर चहा चकचकीत लाल दिसतो पण चव टोचरी, आणि कॉफी पोकळ लागते. कॉफीसाठी शंभर ते दीडशेच्या आसपासचं पाणी उत्तम. बऱ्याच आरओ यंत्रांना टीडीएस कमी-जास्त करायचा स्क्रू असतो, दुरुस्तीला माणूस येईल तेव्हा त्याच्याकडून लावून घ्या. तोवर पालिकेचं नळाचं पाणी उकळून, निवळून वापरणं बरं.

आता कॉफी.

चिकमगळूर, कोडगू, हासन इथून येणारी बी भाजून, दळून डब्यात येते आणि दळल्या क्षणापासून तिचा वास उडू लागतो. म्हणून किलोचा डबा घेऊ नका. शंभर-दोनशे ग्रॅमच घ्या आणि फोडल्यावर तीन आठवड्यांत संपवा. घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात, ओट्यापासून लांब, अंधाऱ्या फळीवर ठेवा. फ्रिजमध्ये रोज काढ-घाल केली तर डब्याच्या आत दव धरतं आणि पूड आंबूस होते.

पाकिटावर कॉफी किती आणि चिकोरी किती हे छापलेलं असतं, ते वाचा. नियमाने चिकोरी ४९ टक्क्यांच्या वर चालत नाही. चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ आहे, तिच्यात कॅफीन नसतं, रंग, दाटपणा आणि एक जळक्या साखरेसारखा कडूपणा असतो. तिची लागवड आपल्याच बाजूला होते, आणंद-खेडा जिल्ह्यांकडे आणि जामनगरकडे. मी चिकोरीच्या विरोधात नाही. दुधाच्या कॉफीला वीस ते तीस टक्के चिकोरीने छान अंग येतं. पण पंचेचाळीस टक्क्यांची स्वस्त पूड आणून ती दुधात उकळली तर जे मिळतं ते कॉफीच्या नावावर खपणारं भाजक्या मुळाचं कडू पाणी. तुमच्या घरात चहावाल्यांना कॉफी द्यायची आहे, तेव्हा ८० कॉफी आणि २० चिकोरी असं पाकीट आणा, मध्यम भाजलेलं, फिल्टरसाठी दळलेलं.

फिल्टर घेतलाच पाहिजे. स्टीलचा साधा, दोन-तीन कपांचा. त्याचे चार भाग: वरचं भांडं, ज्याच्या तळाला बारीक भोकं असतात, दांडीची दाबायची चकती, खालचं भांडं, आणि झाकण. वरच्या भांड्यात २० ग्रॅम पूड घाला, म्हणजे चांगले भरलेले तीन मोठे चमचे. भांडं ओट्यावर हलकेच दोनदा आपटून पूड सपाट करा. चकती पुडीवर नुसती टेकवा, अंगठ्याने हलका दाब द्या, ठेचू नका. पाणी उकळून गॅस बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबा. मग आधी थोडंसंच, पुडी ओली होण्यापुरतं, चकतीवर गोल फिरवत ओता. पूड फुगते, त्यातला वायू बाहेर पडतो. अर्ध्या मिनिटाने बाकीचं पाणी ओता, सगळं मिळून १२० मिली. झाकण ठेवा आणि विसरून जा. वीस-पंचवीस मिनिटांत खाली ८० मिलीच्या आसपास अर्क उतरतो, बाकी पाणी पुडीत राहतं. दोन चांगले कप होतात: कपात ४० मिली अर्क, ८० मिली गरम दूध, साखर चवीपुरती.

यात काय-काय बिघडतं ते सांगते, कारण पहिले चार-पाच दिवस तुम्हाला यातलं काहीतरी भेटेलच. पाच मिनिटांत सगळं पाणी खाली आलं आणि अर्क चहासारखा पातळ दिसला, तर पूड जाड आहे, कमी आहे किंवा चकती दाबली नाही. तासाभराने पाणी वरच आहे, तर पूड पिठासारखी बारीक आहे, चकती जोरात दाबली आहे, किंवा भोकं बुजली आहेत. अडलेल्या फिल्टरला वरून हातोडी घातल्यासारखं ठोकू नका. वरचं भांडं थोडं उचलून पुन्हा बसवा, दोन्ही भांड्यांमधली कोंडलेली हवा सुटते आणि ठिबकायला लागतं. भोकं बुजतात ती कॉफीच्या तेलाने. आठवड्यातून एकदा वरचं भांडं दहा मिनिटं सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात ठेवा, उजेडासमोर धरून बघा, सगळी भोकं दिसली पाहिजेत. एखादं अडलेलं असेल तर बारीक सुईने मोकळं करा, पण भोक मोठं होऊ देऊ नका.

अर्क आंबट-पातळ लागला तर पाणी पुरेसं गरम नव्हतं. कडू-राखट लागला तर खूप वेळ उतरला आहे किंवा पूडच जास्त भाजलेली आहे. वरच्या भांड्यात दुसऱ्यांदा पाणी ओतून जो दुसरा अर्क काढतात तो काटकसरीचा आहे हे खरं, पण त्यात चांगला भाग उरलेला नसतो, नुसता कडूपणा असतो. नवऱ्याला कॉफी आवडवायची असेल तर तो त्यांच्या कपात जाऊ देऊ नका.

आणि अर्क गॅसवर ठेवायचा नाही, कधीच. गार झाला असेल तर दूध कडकडीत तापवा आणि त्यात अर्क मिसळा. तेवढी धग पुरते. दूधही ताजं एकदा उकळलेलं घ्या. सकाळपासून चार वेळा उकळलेल्या दुधाला शिजल्याचा वास येतो, चहात तो लपतो, कॉफीत उघडा पडतो. मग एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून तीन-चार वेळा ओता. फेसासाठी तर आहेच, पण त्याने उकळत्या दुधाची धग उतरून पिण्याजोगी होते, आणि त्या कोमटपणात दुधाचा गोडवा जिभेला जास्त कळतो. म्हणून नीट केलेल्या फिल्टर कॉफीला चहापेक्षा साखर कमी लागते.

सकाळच्या एका शेगडीचा तुमचा प्रश्नही इथेच सुटतो. रात्री जेवणाची आवराआवर करताना फिल्टर भरून ठेवा. झोपण्याआधी खालचं भांडं झाकून फ्रिजमध्ये. सकाळी शेगडी चहाला मोकळी, आणि चहासाठी दूध तापतंच, त्यातलंच थोडं कॉफीला काढून घ्यायचं. अर्क फ्रिजमध्ये दिवसभर उत्तम राहतो, दुसऱ्या दिवसापर्यंत चालतो, त्यानंतर नको.

झटपट कॉफीचीही पद्धत सांगून ठेवते, पाहुणे अचानक येतात. कपाला दोन ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, आधी चमचाभर कोमट पाण्यात विरघळवा, मग गरम दूध ओता. उकळत्या दुधात पूड टाकून पातेलं गॅसवर ठेवणं हीच ती सगळ्या घरांत होणारी चूक. फेटून करायची असेल तर दोन चमचे कॉफी, दोन चमचे साखर आणि एक चमचा पाणी, रंग मातकट-पांढुरका होईपर्यंत फेटायचं. साखर हवीच, तिच्या पाकामुळे हवेचे बुडबुडे टिकतात. साखर वगळून फेटलं तर फेस दुधात पडताच विरतो.

आपल्या मराठी घरांची जायफळ-वेलचीची कॉफी वेगळी, आणि माझ्या मते चहावाल्यांना कॉफीकडे आणायला तिच्यासारखी वाट नाही. चार कपांसाठी १५० मिली पाणी साखर घालून उकळा, गॅस बंद करा, मग ३० ग्रॅम पूड घालून ढवळा आणि घट्ट झाकण ठेवा. पाच मिनिटांत पूड तळाशी बसते. जाड सुती फडक्यातून गाळा आणि पिळू नका, पिळलं की गाळ आणि कडूपणा दोन्ही उतरतात. मग ३५० मिली गरम दूध, दोन वेलच्यांची पूड, आणि जायफळ किसणीवर फक्त तीन-चार वेळा घासून. जायफळ जास्त झालं की कडवट औषधी चव येते आणि मग कॉफीलाच नावं ठेवली जातात. सासूबाईंना उपासाच्या दिवशी ही करून द्या. आल्याच्या चहाची सवय असलेल्या जिभेला मसाल्याचा आधार लागतो, तो इथे मिळतो.

आता आवडीबद्दल. एखाद्याला चहा का आवडतो आणि दुसऱ्याला कॉफी का, यात सवयीचा वाटा मोठा आहे, पण जिभेचाही आहे. कडू चव प्रत्येकाला सारखी लागत नाही, ते काही अंशी जन्मजात असतं. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या लाखो लोकांच्या माहितीवरून आलेला निष्कर्ष गमतीचा होता: कॅफीनचा कडूपणा ज्यांना जास्त जाणवतो ते कॉफी जास्त पितात, आणि क्विनीनसारखा कडूपणा ज्यांना जास्त जाणवतो ते चहाकडे वळतात. म्हणजे कोणाच्या आवडीला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. तुमच्या यजमानांना खरंच कॉफी नको आहे की उकळलेली कॉफी नको आहे, हे एका रविवारी बघून घ्या. फिल्टरची बिनसाखरेची कॉफी, पातळसर, अर्धा कप, आणि बिनसाखरेचाच बिनमसाल्याचा चहा अर्धा कप. मध्ये पाणी प्यायचं. आवडलं का असं विचारू नका, काय खटकलं ते विचारा. कडू खटकलं तर कमी भाजलेली पूड आणि थोडं जास्त दूध. आंबट खटकलं तर जास्त भाजलेली, चिकोरी थोडी वाढवून. चहातलं जिभेला ओढणं खटकलं तर पत्ती पाव भागाने कमी आणि दुधाला एक उकळी जास्त. यातलं काहीही न खटकता नको म्हणाले, तर त्यांना कॉफी खरोखर आवडत नाही, विषय संपला. ही चाचणी सेव-उसळ किंवा तिखट फरसाण खाल्ल्यावर घेऊ नका. तिखटाने पोळलेल्या जिभेला गरम पेय नुसतं भाजतं, चव कळत नाही.

कशाबरोबर काय, यातही दोघांची जागा वेगळी आहे. फाफडा, चिवडा, तळणीचं काहीही, मेथीचा ठेपला, याला चहाच. चहाचा तुरटपणा जिभेवरचा तेलाचा थर काढतो. बेसनाचा लाडू, शंकरपाळे, गोड बिस्किटं, याला कॉफी, तिच्या कडूपणाने गोडाची मिठी सुटते. घरात दोन पेयं आहेत तर एकमेकांवर कुरघोडी कशाला, सकाळच्या ठेपल्याला चहा आणि दुपारच्या लाडवाला कॉफी.

तब्येतीचं आता, कारण तिथे मोजमाप असलेलं बरं. आयसीएमआर-एनआयएनच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिची राष्ट्रीय पोषण संस्था) २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीनची मर्यादा सांगितली आहे. १५० मिलीच्या कपात उतरवलेल्या कॉफीचं ८० ते १२०, झटपट कॉफीचं ५० ते ६५, चहाचं ३० ते ६५. सासऱ्यांचा पाच वेळा होणारा कडक चहा या हिशेबाने मर्यादेच्या काठावर किंवा पलीकडे जातो, तेव्हा चहा हलका आणि कॉफी जड हे घरोघरचं समीकरण कपांची संख्या धरली की टिकत नाही. एकदम बंद मात्र करू नका. दुसऱ्याच दिवशी डोकं धरतं, चिडचिड होते आणि मग पुन्हा सुरू. तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा, किंवा कप तेवढेच ठेवून आकार लहान करा.

जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर दोन्ही टाळा. चहा-कॉफीतले घटक भाजी-डाळीतलं लोह अंगी लागू देत नाहीत. घरात रक्त कमी असलेलं कोणी असेल, आणि बायकांमध्ये ते फार असतं, तर हा एक नियम कसोशीने पाळा. लोहाची गोळी चहाबरोबर तर मुळीच नाही. थायरॉइडची गोळीही पाण्याबरोबरच, आणि नंतर निदान अर्धा ते एक तास चहा-कॉफी नाही. सकाळची गोळी घशाखाली घालायला चहाचा कप उचलणारी मंडळी प्रत्येक घरात असतात, सासूबाईंना विचारून घ्या. घरात कोणी गरोदर असेल तर २०० मिलिग्रॅमच्या आत राहायचं.

मुलीच्या रात्रीच्या कॉफीबद्दल माझं उत्तर स्पष्ट नको असं आहे. अंगातलं निम्मं कॅफीन उतरायला सरासरी पाच तास लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. रात्री दहाला घेतलेल्या कपातलं निम्मं पहाटे तीनला रक्तात असतं. ती जागी राहील, पण झोप उथळ लागेल आणि पाठ केलेलं पक्कं व्हायला झोपच लागते. तिच्या वयाला दिवसाचं १०० मिलिग्रॅम ही वरची हद्द धरा. संध्याकाळी पाचच्या आत एक लहान कप, दुधाळ, झटपट कॉफीचा, एवढं चालेल. रात्री हवंच असेल तर गवती चहा-आल्याचा पत्ती न घातलेला काढा द्या.

ग्रीन टीचं एका वाक्यात: पाणी उकळतं नको, ७५ ते ८० अंशांचं, दोन मिनिटं, आणि दूध अजिबात नाही. दार्जिलिंग आणलंत तर २०० मिलीला २ ग्रॅम, तीन मिनिटं, झाकून, तेही दुधाशिवायच.

गणपतीत पंचवीस माणसांना दोन्ही कसं पुरवायचं हेही विचारलंय. शंभर मिलीचे पंचवीस चहा: दीड लिटर पाणी, सव्वा लिटर दूध, ६० ग्रॅम पत्ती, १८० ते २०० ग्रॅम साखर, ५० ग्रॅम आलं. मोठ्या पातेल्यात वाफ त्या मानाने कमी जाते, म्हणून घरच्या चार कपांचं पाणी-दूध नुसतं सहापट केलं तर चहा पातळ होतो. उकळीला वेळही जास्त द्या, आल्याला पाच मिनिटं तरी. गाळल्याशिवाय पातेलं झाकून ठेवू नका, पत्ती आत राहिली की अर्ध्या तासात चहा काळवंडतो. थर्मासमध्ये तासाभरापेक्षा जास्त नको.

कॉफीला फिल्टर पुरणार नाही, तिथे फडक्याचीच पद्धत: ९५० मिली उकळतं पाणी, गॅस बंद, १५० ग्रॅम पूड, सहा-सात मिनिटं झाकण, दुपदरी फडक्यातून गाळणं. सव्वासहाशे मिलीच्या आसपास अर्क मिळतो, कपाला २५ मिली. दूध १.९ लिटर लागेल, साखर वेगळी ठेवा. अर्क एका थर्मासमध्ये, दूध दुसऱ्यात, आणि मिसळायचं कपातच, माणूस समोर आल्यावर. आधीच मिसळून ठेवलेल्या दुधाच्या कॉफीवर साय धरते आणि तासाभरात ती शिळी लागते. आरतीला उशीर झाला तरी वेगळा ठेवलेला अर्क दोन-तीन तास वाट बघतो. उरला तर दुसऱ्या दिवशी दुपारी थंड दूध, साखर आणि बर्फ घालून मुलीला द्या, पाचच्या आत.